धूम्रपानत्याग आणि वजनाचा हिशेब

(पंचायत समितीच्या सभागृहात शासकीय कर्मचारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यापुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



धूम्रपान घातक आहे, हे पटवून देण्यासाठी आता व्याख्यान योजण्याची गरज उरलेली नाही. सिगारेटच्या पाकिटावर आणि विडीच्या बंडलावर ते चित्रासह छापलेले असते. ओढणारा ते चित्र रोज पाहतो आणि रोज काडी ओढतो. त्याला तोटे ठाऊक असतात आणि सोडण्याची इच्छाही पुष्कळदा असते. अडचण येते ती सोडल्यानंतरच्या काही महिन्यांत. आणि त्या महिन्यांविषयी बोलताना एक वाक्य वारंवार कानी पडते: "सोडली होती हो, पण वजन वाढायला लागले, म्हणून पुन्हा धरली." आजच्या व्याख्यानाचा विषय म्हणजे हे एक वाक्य होय.

हे कारण हसण्यावारी नेण्यासारखे नाही. आरोग्यप्रचार करणारे कित्येक उत्साही कार्यकर्ते "वजन वगैरे काही वाढत नाही, ते सगळे मनाचे खेळ" असे ठासून सांगतात. त्यामुळे घडते एवढेच, की सोडणाऱ्याचे वजन दोन महिन्यांत दोन किलोंनी वाढले की त्याचा त्या कार्यकर्त्यावरचा विश्वास उडतो आणि त्याने सांगितलेल्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही उडतो. तेव्हा प्रथम खरे तेच सांगितले पाहिजे. धूम्रपान सोडल्यावर बहुतेकांचे वजन वाढते. किती वाढते, का वाढते आणि ते कसे आवरता येते, हे तीन प्रश्न त्यानंतरचे.

किती वाढते ह्याचे उत्तर बऱ्यापैकी नेमके देता येते. निरनिराळ्या देशांत झालेल्या अनेक पाहण्यांचे निष्कर्ष एकत्र करून ब्रिटिश मेडिकल जर्नल ह्या नियतकालिकात २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कोणतेही औषध न घेता धूम्रपान सोडलेल्या आणि पुन्हा न ओढलेल्या व्यक्तींचे वजन पहिल्या महिन्यात सरासरी १.१ किलो, तीन महिन्यांअखेर २.९ किलो आणि वर्षाअखेर ४.७ किलो वाढल्याचे त्यात आढळले. म्हणजे वर्षाच्या वाढीपैकी निम्म्याहून अधिक वाढ पहिल्या तीन महिन्यांतच होऊन जाते. ही झाली सरासरी. सरासरीच्या पोटात काय दडलेले असते हे जमाबंदीचे काम करणाऱ्यांना वेगळे सांगावयास नको. त्याच अभ्यासात वर्षाअखेर सुमारे १६ टक्के लोकांचे वजन उलट घटलेले होते, तर सुमारे १३ टक्के लोकांचे दहा किलोंपेक्षा अधिक वाढलेले होते. वजन वाढणे हा अटळ विधिलेख नाही, हे ह्या आकड्यांतून उघड होते; आणि काहींना त्याचा त्रास खराच होतो, हेही तितकेच उघड होते.

आता कारणांकडे वळू. धुरातून शरीरात जाणारे निकोटिन दोन कामे करते. एक, ते हृदयाची गती वाढवून आणि चयापचयाला टाच मारून शरीराला अधिक उष्मांक जाळावयास लावते. स्वित्झर्लंडमधील लोझान येथे झालेल्या आणि १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात धूम्रपान करणाऱ्या काही निरोगी व्यक्तींना एका बंद कक्षात दिवसभर ठेवून त्यांच्या शरीराचा उष्मांकांचा खर्च मोजण्यात आला. एक दिवस चोवीस सिगारेटी ओढावयाच्या, एक दिवस मुळीच नाही, असा तो क्रम होता. ओढलेल्या दिवशीचा खर्च सुमारे दहा टक्क्यांनी, म्हणजे दोनशेहून थोड्या अधिक उष्मांकांनी जास्त भरला. दोन, निकोटिन भूक मारते. येल विद्यापीठातील संशोधकांनी उंदरांवर केलेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांवरून ते मेंदूतील नेमक्या कोणत्या पेशींना चाळवून पोट भरल्याचा खोटा निरोप पाठविते, हेही बरेचसे उलगडले आहे. सिगारेट सुटली की ही दोन्ही कामे थांबतात. खर्च घटतो आणि भूक जागी होते.

तिसरे कारण प्रयोगशाळेतले नाही. ते स्वयंपाकघरातले आहे. धुराने बधिर झालेली जीभ आणि नाक काही दिवसांत पूर्ववत होऊ लागतात. वर्षानुवर्षे जेवण म्हणजे एक उरकावयाचे काम असे मानणाऱ्या गृहस्थाला फोडणीचा वास ओट्यापासून ओसरीपर्यंत येऊ लागतो. घरच्यांना आनंद होतो, आणि तो रास्तच असतो. मग त्या आनंदाच्या भरात ताटात आणखी एक पोळी पडते, भातावर तूप वाढले जाते आणि "आता तरी अंगी लागू दे" असा आग्रह होतो. चौथे कारण हाताचे आहे. दिवसातून पंधरा वेळा तोंडाकडे जाणारा हात एकाएकी रिकामा होतो, आणि रिकामा हात शेंगदाण्यांच्या डब्याकडे, बिस्किटांच्या पुड्याकडे किंवा टपरीवरच्या भज्यांकडे आपोआप वळतो.

सिगारेट आणि सडपातळपणा ह्यांची सांगड लोकांच्या मनात आपोआप बसली असे मात्र समजू नये. ती पैसे ओतून बसविण्यात आली. अमेरिकेत १९२८ च्या सुमारास लकी स्ट्राइक ह्या सिगारेटच्या उत्पादकांनी मिठाईचा मोह झाल्यास त्याऐवजी आमची सिगारेट उचला, अशा आशयाची जाहिरात देशभर केली. स्त्रियांनी बांधा टिकविण्यासाठी सिगारेट ओढावी, हा तिचा रोख होता. तेथील मिठाई उत्पादकांनी तिच्याविरुद्ध मोठी ओरड केली. ती लोकांच्या आरोग्यासाठी नव्हती, हे सांगावयास नकोच. पुढे १९६८ साली केवळ स्त्रियांसाठी म्हणून काढलेल्या एका सिगारेटच्या नावातच सडपातळपणा गोवण्यात आला. ज्याला आज एखादा अव्वल कारकून आपला स्वतःचा अनुभव म्हणून सांगतो, त्यातील निम्मा भाग असा जाहिरातदारांनी लिहिलेला आहे. आणि तोही पुरता खरा नाही. धूम्रपान करणारा माणूस वजनकाट्यावर हलका भरत असला, तरी त्याच्या अंगातील मेद पोटाभोवती साठण्याकडे कल असतो असे अनेक पाहण्यांत दिसून आले आहे. आणि पोटाभोवतीचा मेदच हृदयाला व रक्तशर्करेला अधिक बाधतो.

तरीही शंका उरते. वाढलेले चार-पाच किलो धूम्रपान सोडल्याचा सारा लाभ पुसून तर टाकीत नाहीत ना? ह्या शंकेचे उत्तर अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम ह्या गावातील नागरिकांच्या अनेक वर्षे चाललेल्या पाहणीतून मिळते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या एका निष्कर्षानुसार, ज्यांना मधुमेह नव्हता अशा लोकांमध्ये धूम्रपान सोडणाऱ्यांचा हृदयविकाराचा धोका चालू ठेवणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे निम्म्यावर आला होता. वाढलेल्या वजनाने त्या लाभात म्हणण्यासारखी तूट आली नव्हती. २०१८ साली प्रसिद्ध झालेला दुसरा एक मोठा अभ्यास अधिक काळजीपूर्वक वाचला पाहिजे. धूम्रपान सोडल्यानंतर ज्यांचे वजन वाढले, त्यांच्यात पहिल्या काही वर्षांत मधुमेहाचे प्रमाण अधिक आढळले; पाच ते सात वर्षांच्या सुमारास ते शिगेला पोहोचून नंतर उतरत गेले. ज्यांनी वजन वाढू दिले नाही, त्यांच्यात ही वाढ दिसली नाही. मृत्यूचा धोका मात्र वजन वाढो वा न वाढो, सोडणाऱ्या सर्वांचाच घटला.

मधुमेहाविषयीचा हा निष्कर्ष महाराष्ट्राने गांभीर्याने घ्यावयास हवा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातील मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या घरात असल्याचे अनुमान निघाले. भारतीय माणसाचे शरीर युरोपीय माणसापेक्षा कमी वजनावर ह्या रोगाला बळी पडते. म्हणून आपल्याकडे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक २३ च्या वर गेला की वजन जास्त धरले जाते. एक मीटर पासष्ट सेंटिमीटर उंचीचा, बासष्ट किलो वजनाचा कर्मचारी आज ह्या रेषेच्या थोडा अलीकडे असतो. त्याच्या अंगावर पाच किलो चढले की निर्देशांक साडेचोवीसपर्यंत जातो. म्हणजे वजनाची काळजी करणे चूक नाही. त्या काळजीवर सिगारेट हा उपाय शोधणे चूक आहे.

तर मग हिशेबालाच बसू. वर सांगितलेल्या प्रयोगातील खर्चाची तूट दिवसाला सुमारे दोनशे उष्मांकांची होती, आणि तीही दिवसाला चोवीस सिगारेटी ओढणाऱ्याच्या बाबतीत. कमी ओढणाऱ्याची तूट त्याहून कमी असणार. आता तालुक्याच्या कचेरीतील त्याच अव्वल कारकुनाचा दिवस पाहावा. घरचा सकाळचा एक, कचेरीत आल्यावर एक, बैठकीतला एक, जेवणानंतरचा एक, चार वाजताचा एक आणि संध्याकाळी घरी परतल्यावर एक, असे सहा कप चहा ह्या दिवसात सहज होतात. प्रत्येकात दोन चमचे साखर धरली, तर बारा चमचे. एका चमच्यातील साखरेचे सुमारे वीस उष्मांक होतात. दर कपातील एकच चमचा कमी केला, तर एकशेवीस उष्मांक वाचले. उरले ऐंशी. अर्धा तास झपाझप चालले, तर साठ किलो वजनाच्या माणसाचे त्यात सुमारे शंभर उष्मांक खर्ची पडतात. दोनशेची तूट भरून वर वीस शिल्लक राहिले. ह्यात कोणते पथ्य नाही, कोणती महागडी पावडर नाही, आणि ताटातील भाकरीला कोणी हातही लावलेला नाही.

चहा कमी करण्याला आणखी एक कारण आहे आणि ते फारसे कोणाला ठाऊक नसते. तंबाखूच्या धुरातील काही द्रव्ये यकृताला चहा-कॉफीतील कॅफिन झपाट्याने निकाली काढावयास लावतात. धूर बंद झाला की यकृताचा हा वेग मंदावतो आणि तेवढ्याच चहातील कॅफिन शरीरात जवळजवळ दुप्पट काळ रेंगाळते. परिणामी छाती धडधडते, हात कापतो, रात्री झोप लागत नाही, चिडचिड होते. सोडणाऱ्याला वाटते, ही तंबाखूची तलफ. पुष्कळदा तो चौथ्या कपाचा प्रताप असतो. तेव्हा पहिल्या पंधरवड्यात कपांची संख्याच निम्म्यावर आणली, तर साखरही आपोआप निम्मी होते आणि झोपही सुधारते. शिवाय चहा आणि सिगारेट ह्यांची जोडी तुटते, हा लाभ तिसरा. टपरीवर उभ्याने घेतलेल्या चहाबरोबर सिगारेट न ओढणे हे ज्याने केले आहे, त्यालाच त्याची कठीणता कळते. काही दिवस टपरीच टाळणे श्रेयस्कर.

आपल्या समाजात सोडण्याचे एक परंपरागत निमित्त आहे आणि ते वाया जाता कामा नये. आषाढी एकादशीपासून चातुर्मासापुरती विडी-तंबाखू वर्ज्य करणारे लोक गावोगावी आढळतात. वैद्यकदृष्ट्या पाहता हे चार महिने अत्यंत मोलाचे आहेत. तंबाखू सुटल्यावरचा त्रास पहिल्या आठवड्यात सर्वांत अधिक असतो आणि बहुतेकांच्या बाबतीत तो तीन-चार आठवड्यांत ओसरतो. म्हणजे श्रावण लागता लागता सर्वांत खडतर वाट मागे पडलेली असते. पण पुढे काय होते? श्रावणातले सणवार, गणपतीचे मोदक, पितृपंधरवड्यातली खीर, दसऱ्याचे श्रीखंड आणि दिवाळीचा फराळ ह्याच चार महिन्यांत येतात; आणि जागी झालेली भूकही ह्याच चार महिन्यांत असते. कार्तिकीला व्रत संपते तेव्हा पायजम्याची नाडी अपुरी पडू लागलेली असते. व्रत तर संपलेच आहे आणि वजनही वाढले आहे, अशी दोन कारणे एकाच दिवशी हाती आल्यावर विडी पुन्हा पेटणे किती सोपे असते, हे समजण्यासारखे आहे. जो निश्चय आषाढीला चार महिन्यांसाठी केला जातो तो मुळातच मुदतबंद असतो, ही त्यातील खरी उणीव. वजन हे केवळ निमित्त.

ह्या लोकांपैकी काहीजण उलट टोक गाठतात. सिगारेट सोडली त्याच दिवशी रात्रीचे जेवणही सोडतात आणि आठवड्यातून दोन उपवास धरतात. हे टाळले पाहिजे. एकाच वेळी दोन भुका मारणाऱ्याला दोन्ही अनावर होतात. पोट रिकामे राहिले की तंबाखूची तलफ बळावते. आणि केवळ काटेकोर पथ्याचा धोशा लावला असता सोडण्याचा निश्चयच ढिला पडतो, अशी सूचना काही अभ्यासांतून मिळालेली आहे. शिवाय आपल्याकडील उपवासाचे स्वरूप 'एकादशी आणि दुप्पट खाशी' असे असल्याने साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचा लाडू आणि बटाट्याचा कीस ह्यांचे उष्मांक नेहमीच्या जेवणाहून अधिकच भरतात. पहिले तीन महिने जेवणाच्या वेळा न चुकविता दोन्ही वेळा पोटभर पण साधे जेवावे. ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळ, उसळ, पालेभाजी, कांदा-मुळा-काकडी आणि ताक हे आपले नेहमीचे जेवण ह्या कामी आदर्श आहे. त्यातील चोथ्यामुळे पोट लवकर भरते आणि तंबाखू सोडल्यावर पहिल्या दिवसांत अनेकांना होणारा बद्धकोष्ठाचा त्रासही कमी होतो. वजन उतरविण्याचा बेत त्यानंतर, सिगारेटचा विचारच मनात येईनासा झाल्यावर, शांतपणे आखता येतो. तोपर्यंत ते फार चढू न देणे एवढेच काम.

चालण्याचा उल्लेख वर हिशेबापुरता झाला. त्याचे महत्त्व त्याहून मोठे आहे. तलफेची एकेक लाट पाच-सात मिनिटे टिकते आणि ओसरते. तेवढा वेळ भरभर चालले असता ती मंदावते, हे प्रयोगांनी दाखविले आहे. म्हणून अर्धा तास एकदम चालण्याऐवजी दहा-दहा मिनिटांचे तीन भाग पाडावेत आणि ते नेमके पूर्वीच्या सिगारेटच्या वेळांवर ठेवावेत. शिक्षकांच्या बाबतीत हे सहज साधते. मधल्या सुट्टीत पूर्वी जे पाय शाळेमागच्या कोपऱ्याकडे वळत, ते मैदानाला दोन फेऱ्या घालू शकतात.

रिकाम्या हाताचे काय करावे ह्याविषयी मात्र सावधपणे सांगितले पाहिजे. बडीशेप, लवंग, वेलदोडा, ओवा, काकडीचे किंवा गाजराचे तुकडे, मूठभर कुरमुरे ही सोबत चांगली. भाजलेले शेंगदाणे पौष्टिक खरे, पण मूठभर शेंगदाण्यांत दीडशेहून अधिक उष्मांक असतात, आणि डबा समोर असला की कोणी मुठी मोजीत नाही. एक वडापाव तर तीनशेच्या आसपास जातो. तो खाल्ला की दिवसाचा सारा हिशेब तेथेच उलटतो. परंतु ह्यांपेक्षा फार मोठा धोका सुपारी, सुगंधी मसाला, चुना-तंबाखू आणि मिश्री ह्यांचा आहे. "ओढणे सोडले, आता नुसती चिमूटभर दाढेखाली धरतो" असे सांगणाऱ्या माणसाने काहीही सोडलेले नसते. सुपारी ही तंबाखूशिवायही कर्करोगाला कारणीभूत ठरते. आणि इलेक्ट्रॉनिक सिगारेटची विक्री तर २०१९ च्या कायद्याने देशभर बंद आहे.

हा मुद्दा महाराष्ट्रापुरता अधिकच महत्त्वाचा आहे. २०१६-१७ मध्ये झालेल्या जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीनुसार राज्यातील प्रौढांपैकी ३.८ टक्के लोक धूम्रपान करीत होते, तर २४.४ टक्के लोक तंबाखूचे धूररहित प्रकार वापरीत होते. निकोटिन धुरातून जावो की हिरड्यांतून, भूक मारण्याचे त्याचे काम चालूच असते. किंबहुना ग्रामीण भागात ते त्याच कामासाठी वापरले जाते. पहाटे मिश्री लावून शेतावर जाणारी बाई, चंची सोडून चिमूट मळणारा ऊसतोडणी कामगार आणि उन्हात विडी पेटविणारा गवंडी ह्यांना विचारले तर ते सरळ सांगतात, की तेवढ्याने दुपारपर्यंत भूक लागत नाही.

येथे वजनाचा प्रश्न पुरता पालटतो. एक मीटर पासष्ट सेंटिमीटर उंचीचा विडी ओढणारा मजूर पुष्कळदा अठ्ठेचाळीस किलोंचा असतो. त्याचा निर्देशांक साडेसतराच्या आसपास, म्हणजे कुपोषणाच्या रेषेखाली, भरतो. विडी सोडून त्याचे वजन तीन किलोंनी वाढले, तर तो प्रथमच निरोगी वजनाच्या कक्षेत येतो. कचेरीतल्या कारकुनाला ज्या तीन किलोंची धास्ती, तेच तीन किलो ह्या माणसाला औषधासारखे आहेत. शिवाय कृश शरीर आणि विडी ही दोन्ही क्षयरोगाला आमंत्रण देतात. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या, भारतातील मृत्यूंच्या एका देशव्यापी अभ्यासात विडी ओढणाऱ्या पुरुषांचे आयुष्य सरासरी सुमारे सहा वर्षांनी आणि विडी ओढणाऱ्या स्त्रियांचे सुमारे आठ वर्षांनी कमी भरल्याचे आढळले. त्यातील मृत्यूंच्या कारणांत क्षयरोगाचा वाटा मोठा होता. तेव्हा वजनवाढीचा इशारा सरसकट साऱ्या गावाला देत सुटणे योग्य नव्हे. आशा कार्यकर्तीने किंवा ग्रामसेवकाने समोरच्या माणसाकडे पाहून बोलावे. ज्याच्या बरगड्या मोजता येतात त्याला "भूक लागेल, आणि ती लागलीच पाहिजे" असे सांगावे. मात्र ती भूक लागल्यावर खावयास काय, ह्या प्रश्नाला केवळ उपदेशाचे उत्तर पुरत नाही. त्याच्या शिधापत्रिकेवर धान्य वेळेवर मिळते की नाही आणि कामाच्या ठिकाणी दुपारची भाकरी खाण्याइतकी सुट्टी मिळते की नाही, हे पंचायत सदस्यांनी पाहावयाचे आहे.

पुन्हा कारकुनाकडे वळू, कारण त्याचा कसोटीचा क्षण अद्याप यावयाचा आहे. तो साधारणतः तिसऱ्या महिन्यात येतो. तलफ ओसरलेली असते, खोकला गेलेला असतो, जिना चढताना दम लागत नाही. ह्या साऱ्या सुधारणांची सवय होऊन त्या आता जाणवेनाशा झालेल्या असतात. जाणवते ती फक्त घट्ट झालेली विजार. कोणीतरी मित्र "काय, बरेच अंग धरलेत की!" असे म्हणतो. त्याच्या मनात हेतू चांगला असतो, पण ऐकणाऱ्याच्या मनात "दिवसाला दोन ओढल्या तर काय बिघडते?" हा विचार त्याच संध्याकाळी येतो. ह्या दोन पुढे किती होतात, हे अनुभवी लोक जाणतात. आणि पुन्हा धरल्याने वाढलेले वजन तडकाफडकी उतरते असेही नाही. धूर आणि मेद दोन्ही पदरी पडतात. म्हणून पहिल्या दिवशीच वजन आणि कमरेचा घेर वहीत टिपून ठेवावा आणि पुढे आठवड्यातून एकदाच, ठरावीक वारी, सकाळी पाहावा. वजनकाटा प्राथमिक आरोग्य केंद्रात असतो, आणि घेरासाठी शिंप्याची मोजपट्टी पुरते. पुरुषांचा घेर नव्वद सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांचा ऐंशीच्या आत असावा. आकडा डोळ्यांसमोर असला की एका किलोच्या वाढीला एका किलोइतकेच महत्त्व दिले जाते. नसला की विजारीच्या एका बटणाला साऱ्या वर्षाचा निकाल लावण्याचा अधिकार मिळतो.

औषधांविषयी थोडक्यात. निकोटिनयुक्त च्युइंगम आणि डॉक्टरांनी लिहून द्यावयाच्या काही गोळ्या तंबाखू सोडण्यास मदत करतात. च्युइंगमने वजनवाढ काहीशी लांबणीवर पडते. ती टळत नाही, पण सर्वांत अवघड महिने त्यामुळे सुसह्य होतात. मधुमेह, रक्तदाब किंवा मनोविकाराची औषधे घेणाऱ्यांनी धूम्रपान सोडताना डॉक्टरांना अवश्य सांगावे, कारण धूर बंद झाल्यावर काही औषधांची मात्रा बदलावी लागते. वजन घटविण्याच्या जाहिराती करणारी चूर्णे आणि काढे मात्र ह्या काळात दूरच ठेवावेत.

सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर मनाई आहे आणि शासकीय कार्यालये त्यात येतात. तरीही काही कचेऱ्यांच्या मागील जिन्यावर थोटके आढळतात, हे येथे बसलेल्या सर्वांना ठाऊक आहे. सोडू पाहणाऱ्या सहकाऱ्याला त्या जिन्यावर बोलावू नये, इतके साहाय्य कोणालाही करता येईल. बैठकीत बिस्किटे आणि भज्यांऐवजी फुटाणे व ताक ठेवणे, बिनसाखरेच्या चहाची वेगळी किटली ठेवणे, शाळेचे मैदान सकाळ-संध्याकाळ चालणाऱ्यांना खुले करणे, पांदण रस्त्यावरचे दिवे चालू ठेवणे, जेणेकरून स्त्रियांनाही अंधार पडल्यावर निर्धास्तपणे चालता येईल, ह्या बाबींना वेगळ्या अनुदानाची वाट पाहावी लागत नाही. ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत त्या ठरू शकतात.

ज्यांना एकट्याने जमत नाही, त्यांच्यासाठी केंद्र शासनाची विनामूल्य दूरध्वनी सेवा २०१६ पासून चालू आहे. तिचा क्रमांक १८००-११-२३५६ असा आहे. तेथील समुपदेशक सोडण्याचा दिवस ठरविण्यास मदत करतात आणि नंतरही संपर्क ठेवून विचारपूस करतात. वजनाची भीती वाटत असल्यास ती त्यांना पहिल्याच संभाषणात सांगावी.